गुरुजींनी नावं मागितली

मंडळी, आज डोकं चक्रावलंय.

आमच्या गल्लीतल्या देवळाचे गुरुजी जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप घेऊन आले. मी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं, तसा तो पळायला लागला.

"किती द्यायचे?"

"काहीच न्हाई. जगभरातले लोक मिळून बनवतात, फुकट देतात."

"काहून?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

"बरं, त्यांची नावं लिहून दे. उद्या त्यांच्या नावानं अभिषेक करतो." अन् वही माझ्या हातात दिली.

लिनक्स बनवणाऱ्यांची यादी नेटवर उघडली तर हजारो नावं. मला त्यातलं एकच माहीत, तेही लिनक्स सुरू करणाऱ्याचं, सगळ्यांनाच माहीत असलेलं.

इतकी वर्षं इथं या ग्रुपवर ओपन सोर्ससाठी, म्हणजे अशा सगळ्यांनी मिळून बनवलेल्या सॉफ्टवेअरसाठी, तुमच्याशी भांडून राहिलो. ही यादी मात्र आज पहिल्यांदा उघडली.

वही समोर आहे. कोणाचं नाव लिहू?