चारठाण्याच्या पुढं, हापशाच्या देवीकडं

न्हाई, देवळं बघायला म्हणून मी गेलोच नव्हतो. चारठाण्याचं नाव काढलं की सगळ्यांना वाटतंय, माणूस दगडातली नक्षी बघायला गेला आसंल. मला नक्षीचं काय करायचंय? मी हापसा सोडवायला गेलो व्हतो. कुणी इचारलं न्हाई तरी सांगून टाकतो, म्हंजी पुढं फाटे फुटायला नको.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली व्हती. माझी धाकटी बहीण कलावती चारठाण्याच्या पुढं एका वाडीत दिलेली. तिचा सांगावा आला: "दादा, हापशाची देवी झाली. वस्तीतल्या बायांना शिवू देईनात. आमी नाल्याचं पाणी प्यायलोय, लेक जुलाबानं वाळून चाललीय."

तो हापसा मला म्हाईत व्हता. दुष्काळात मी बोअरच्या गाडीवर पाईप उचलायला व्हतो, तवा आमीच तो बसवला. पाणी लागलं तवा सगळी वाडी एका रांगेत हुबी. वरच्या आळीची घागर, आमच्या बौद्ध वस्तीची घागर, कुणाची कुणाला लागली तरी कुणी हूं की चूं केलं न्हाई. मग पाऊस पडला, वरच्या आळीच्या हिरी भरल्या, आन् हापशाला लुगडं आलं.

आमच्या झरीहून सकाळची एस्टी धरली. जायचं आसंल तर सकाळचीच धरा, दुपारच्या गाडीचा काय भरवसा न्हाई. जिंतूरला उतरून भजे खाल्ले. तेल जुनं व्हतं, पण गरम व्हते. भाकर मात्र घरून बांधून न्या, संग ठेचा घ्या, कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज पडत न्हाई.

जिंतूरच्या पुढच्या गाडीत शेजारी एक पोक्त नर्सबाई बसल्या. ख्रिस्ती व्हत्या, मिशनच्या दवाखान्यात कामाला. "कुठं निघालात?" म्हणल्या. मी म्हणलं, "देवीचा हापसा करायला." बाई हसल्या न्हाईत. म्हणल्या, "आमच्यात बी झालंय हे. लय जुनं."

मग सांगितलं. इस्राएल लोक रानातनं चालले व्हते, तिथं त्यांना साप डसायला लागले. त्यांच्या म्होरक्यानं देवाच्या सांगण्यावरनं पितळेचा साप केला, खांबावर लावला. डसलेला माणूस त्याच्याकडं बघायचा आन् वाचायचा. काम झालं. पण लोकांनी तो साप जपून ठिवला. नातवंडं-पतवंडं त्याला धूप जाळायला लागली. ज्यानं वाचवलं त्याला इसरले, खांबावरचं पितळ धरून बसले.

"मग?" मी म्हणलं.

"मग एक राजा आला. त्यानं तो साप फोडला. म्हणला, हे नुसतं पितळ हाय."

"मी राजा न्हाई, बाई."

"मग फोडू नका," म्हणल्या. "तुमाला तर त्यातनं पाणी पाहिजे."

हे माझ्या डोक्यात बसलं. घरनं निघताना मी पान्ह्यासंग हातोडा बी पिशवीत घातला व्हता.

चारठाण्याला उतरलो. आता आलोच तर देवळं बघितली. जुनी हायत, चांगली हायत, खांब सुबक हायत. दगडावर बसून भाकर खाल्ली. सावली झकास. बस, देवळांचं एवढंच.

पुढं वाडीला गाडीवाट हाय, काळी माती, पावसाळ्यात जाऊ नका. मी हिवाळ्यात गेलो, रान वाळलेलं, कापूस फुटलेला. कलावती येशीपाशीच भेटली. लेक खांद्यावर, मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. मी पाणी बी प्यायलो न्हाई, तसाच हापशाकडं गेलो.

हापशाला हिरवं लुगडं, नाकाच्या जागी नथ, तोटीला शेंदूर. दांडा लुगड्याच्या पदरानं आवळून बांधलेला. देवी दमली म्हणून इसाव्याला घातली म्हणं. म्होरं गंगूआजी, तिची पुजारीण, तांब्याची कळशी घेऊन बसलेली. कलावती लांबच थांबली. मी गाठ सोडायला हात घातला.

"आरं, देवीला उघडी करतूस?" आजी म्हणली.

"मोकळी करायलोय."

माणसं गोळा झाली. एक जण म्हणला, "ह्यांनी स्वताचे देव नदीत सोडले, आता आमचे सोडवायला आले."

खरं हाय. छप्पन साली धम्म घेतला तवा माझ्या बापानं टोपलंभर देवांचे टाक नदीत सोडले. पण त्याच्यावर आज वाद घालायला मी आलो नव्हतो. मी म्हणलं, "तुमचा देव तुमाला लखलाभ. हे लोखंड हाय. ह्याचा पाईप मी खांद्यावर आणलाय."

किराणा दुकानवाले आप्पा मागं हुबे व्हते, लिंगायत, गळ्यात लिंग. ते हळूच म्हणले, "माझा देव तर माझ्या गळ्यात हाय बाबा. मला हापशाचं काय न्हाई." कुणी हसलं. हसलं म्हणून कुणी माझा हात धरला न्हाई.

दांडा सुटला. हापसलं. कोरडा. परत हापसलं. नुसता खडखडाट.

"कोपली," आजी म्हणली. मागनं बी तेच आलं, "कोपली, कोपली." कलावतीचं तोंड उतरलं.

"कोपली न्हाई, आतलं चामड्याचं वायसर वाळलंय. वरनं पाणी वता, भिजलं की पाणी वढंल."

कलावती नाल्याची घागर घेऊन म्होरं आली, तर गलका झाला. ते पाणी देवीवर न्हाई. मग कुणाचं? सगळे आजीच्या कळशीकडं बघायले. अभिषेकाची कळशी ती.

मी आजीपाशी उकिडवा बसलो. "आजी, पहिली घागर तूच भरली व्हतीस. माझ्या ध्यानात हाय, तू घटाघटा पीत व्हतीस. तवा हिचं नाव काय व्हतं?"

आजीनं हातातली कळशी खाली ठिवली. मग म्हणली, "हापसा."

"रांगेत तुझ्या मागं कोण व्हतं?"

तिनं कलावतीकडं बघितलं. "ही व्हती. हिनं मला धरलं व्हतं, चक्कर आली तवा."

आजी उठली. कळशी उचलली आन् सगळी हापशाच्या डोक्यात रिती केली. मी दांडा मारला. खाली कुठंतरी गुरगुरलं, दांडा जड झाला, आन् तोटीतनं शेंदराचं लाल पाणी आलं, मग गढूळ, मग निवळ. आजीनं वंजळ धरली, पेली. मग कलावतीला म्हणली, "ये. घागर लाव. आन् हे लुगडं घे, लेकीला झोळी कर."

दोन दिवस राहिलो. उकळून गार केलेलं पाणी, मीठ-साखर. लेकीनं मान धरली तवा निघालो. आप्पाची कापसाची गाडी सेलूच्या बाजारला चालली व्हती, तिच्यावर बसलो. कापसावर झोप चांगली लागती, कपडे झाडायला लागतेत एवढंच. सेलूला चामड्याचं वायसर घेऊन गाडीवानाजवळ धाडलं. तिथनं रेल्वेनं परभणी, मग झरी.

घरी आलो, पिशवी उलटी केली. पान्हा निघाला, हातोडा निघाला. हातोडा लागला नव्हता.

पुढच्या वर्षी परत गेलो तर दांड्यावर कुंकवाचं बोट व्हतं. पण हात लागून लागून निम्मं पुसलेलं. तेवढं चालतंय. लेक अंगणात पळायली व्हती.

आता तुमी मला इचाराल, पहिल्यांदा हापसलं आन् कोरडा निघाला, तवा तुमाला बी वाटलं का, खरंच कोपली आसंल? ते मी कलावतीला सांगितलं न्हाई. तुमाला बी सांगणार न्हाई. बस.