अक्काचा नऊ नंबर

माझ्या बायकोच्या दहाव्याला कावळा शिवला, तो विलायतेतल्या एका फुटबॉलवाल्यामुळे. मी चौथी नापास माणूस. असलं खोटं रचायला जेवढी अक्कल लागते तेवढी माझ्याकडे नाही.

बायकोला आमचं सगळं मेहरूण गाव अक्का म्हणायचं. आमची नात सोनी दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर इंग्लंडचा फुटबॉल लावायची, आणि अक्का मेथी निवडत शेजारी बसायची. एकदा लाल टीमच्या नऊ नंबरवाल्यानं सोपा गोल घालवला आणि शर्टाच्या टोकानं नाक पुसलं. अक्का म्हणाली, आपला राजू लहानपणी असाच पुसायचा. झालं. त्या दिवसापासून तो घरचा. (त्याचं नाव तिला शेवटपर्यंत घेता आलं नाही. माझंही तिनं कधी घेतलं नाही, त्यामुळे आम्ही दोघं सारखेच.)

शेजारचे सलीमभाई गादीवाले पक्के निळ्या टीमचे. रविवारी सकाळी भिंतीच्या अलीकडून-पलीकडून दोघांची जुंपायची. सलीमभाई म्हणायचे, अक्का, तुमचा नऊ नंबर थकला, दिवाळीपासून गोल नाही, बाजार भरला की विकून टाका. तिकडं खेळाडूंचा बाजार वर्षातून दोनदा भरतो, आपल्या बैलबाजारासारखाच, फक्त दात बघत नाहीत.

अक्का ठणकावायची, "दोन दिवस दूध आटलं म्हणून कोणी म्हैस इकस का? तो कोठेच जावाव नही."

बाजार भरायच्या आधी अक्काच गेली.

दहाव्याला गिरणेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. राजूनं सांगितलं, सोनीचं शिक्षण पुरं करीन. कावळा हलेना. धुळ्याच्या मेहुणीनं सांगितलं, नानांना (म्हणजे मला) मी सांभाळीन. कावळा उलट वरच्या फांदीवर गेला. (तिथं मलाही त्याचं पटलं.) चाळीस वर्षं माझ्या आधी न जेवलेली बाई, आणि आज उपाशी राहते की काय? तेवढ्यात सोनी माझ्या कानाशी लागली.

मी हात जोडले आणि सगळ्या भाऊबंदांसमोर बोललो, "नऊ नंबरले मी कोठे जाऊ देत नही. तू जेवी ले."

कावळा सरळ खाली आला. गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नऊ नंबर म्हणजे नात्यानं कोण लागतात?"

दोन महिन्यांनी सलीमभाई भिंतीवरून बोलले, पण नेहमीसारखे हसून नाही. नऊ नंबर चालला म्हणे, तोसुद्धा त्यांच्या निळ्या टीममध्ये. मी मेलेल्या बाईला शब्द दिलेला! सोनीला बसवून लाल टीमच्या मालकाला मोबाइलवरून पत्र लिहायला लावलं: आमच्या घरात दुःख झालं आहे, वर्षश्राद्धापर्यंत तरी माणूस हलवू नये. तिकडून लगेच उत्तर आलं. मी खूश. सोनीनं वाचून दाखवलं. पत्राबद्दल आभार, आणि नवीन शर्ट दुकानात आले आहेत.

शेवटी तो गेलाच. मी दोन दिवस अक्काच्या फोटोकडं पाठ करून जेवलो. तिसऱ्या दिवशी सलीमभाई घरात आले. हातात निळा शर्ट, पाठीवर नऊ.

"नाना, लेक सासरी गेली म्हणून आपण तिला टाकतो का?" ते म्हणाले. "अक्काचा पोरगा माझ्याकडं आलाय. मी नीट बघीन त्याच्याकडं. आता थकला म्हणणार नाही."

मी शर्ट घातला. पोटावर घट्ट झाला, पण घातला. त्याच शनिवारी नऊ नंबरनं गोल केला, तोही जुन्या लाल टीमवर. मी आणि सलीमभाई एकमेकांच्या गळ्यात पडलो. लाल शर्टातली सोनी ताटावरून उठून गेली आणि सोमवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

शर्ट धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला. रविवारी सकाळी भिंतीवर कावळा आला. मी भाकरीचा तुकडा ठेवला आणि समजावून सांगितलं की बाई, तो लांब गेला नाही, भिंतीपलीकडच्या टीममध्येच आहे, म्हणजे मी शब्द पाळल्यासारखाच आहे.

कावळ्यानं पूर्ण ऐकून घेतलं. भाकरी खाल्ली. मग उडून दोरीवर बसला आणि बरोबर त्या नऊवर शिटला.

चाळीस वर्षं संसार केलाय. माझी सबब तिला पटली नाही की ती अशीच उत्तर द्यायची, न बोलता. शर्ट मी पुन्हा धुतला. आता सामना झाला की तो घरातच वाळत घालतो, अक्काच्या फोटोला दिसणार नाही अशा बाजूला.