डाव्या अंगठ्याचा ठसा

हात नसलेल्या माणसाकडे मी एकदा त्याच हाताचा अंगठा मागितला. तेव्हा मी बावीस वर्षांची, महाडच्या एका कचेरीत नवी कारकून. नियम पोथीसारखे पाठ. अक्कल तेवढी घरी ठेवून यायचे.

तो डोंगरातल्या कुडपण गावचा फौजी, एकाहत्तरच्या लढाईत डावा हात गमावलेला. रिकामी बाही खिशात नीट खोचायचा, बाकावर कधी बसायचा नाही, आणि माझ्यासारख्या पोरीलाही “जी, साब” म्हणायचा. सरकारी कृत्रिम हातासाठी त्याचा अर्ज होता. सही तो डाव्या हाताने करायचा, ती हाताबरोबरच गेली. म्हणून त्याने उजवा अंगठा शाईला लावला. मी कागद मागे ओढला.

“नियम डाव्याचा आहे. वरून पत्र आणा.”

“जी, साब,” म्हणून तो परत डोंगर चढून गेला.

आमच्या साहेबांना कळलं, तेव्हा त्यांनी त्याला परत बोलावणं धाडलं. तोवर पुण्याला हाताचं माप द्यायची त्याची पाळी हुकली होती. पुढची वर्षभराने.

तो पुन्हा आला, तेव्हा मी खुर्ची सोडून उभी राहिले आणि माफी मागितली. तो म्हणाला, “तुमची काय चूक नाय, बाय. मीच उजवा घालवून यायला हवं होतं.”