पुढची सीट

डिसेंबरातला पहिला सोमवार होता आणि मी सिरिंजा उकळत ठेवल्या होत्या. पैठण रस्त्यावरच्या आरोग्य केंद्रात मी तेव्हा नर्स होते. केंद्राला एक अ‍ॅम्ब्युलन्स होती. तिच्यातून कुटुंबनियोजन शिबिराच्या बायका, लशीचे डबे, सतरंज्या, साहेबांचे पाहुणे असं सगळं जायचं. जागा उरलीच तर पेशंट. त्याच सुमारास वरून नवा हुकूम आला: गाडी फक्त पेशंटसाठी, आणि नर्सनं मागं पेशंटजवळ बसायचं. हुकूम भिंतीवर मीच चिकटवला, खळ लावून, चारी कोपरे नीट दाबून.

सिरिंजांना उकळी यायच्या आत एक पहिलटकरीण आली. मूल आडवं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात वेळेत पोचली नसती तर दोन्ही जीव वाचणं कठीण होतं. तिला सासूसकट मागं चढवलं, पडदे ओढले आणि मी सवयीनं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागं डिझेलच्या वासानं मला मळमळतं. लोकांना तो सिस्टरांचा रुबाब वाटायचा, आणि मळमळीपेक्षा रुबाब बरा म्हणून मीही गप्प राहायची.

नव्या कंपन्यांच्या भिंती उठत होत्या त्या फाट्यावर विद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको चालू होता. बैलगाडी आडवी लावलेली, पुढं बाया बसलेल्या. मी खिडकीतून डोकं काढलं. "पेशंट आहे, वाट द्या."

पहिल्या रांगेतली एक बाई मला ओळखत होती. ऑपरेशनच्या शिबिराला मीच तिला याच गाडीत कोंबून नेलं होतं.

"पेशंट मागल्या बारीला बी व्हता," ती म्हणाली. "उघडून बघितलं तर साहेबाचं कपाट."

"या वेळी खरंच आहे."

"मग तुम्ही पुढं कशा? बाई अडलेली असती तर सिस्टर मागं असत्या. मिटिंगला निघालात, व्हय ना?"

बाया हसल्या. मी नवा हुकूम ऐकवायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला लक्षात आलं, तो तर तिच्याच बाजूनं आहे. तेवढ्यात आतून पहिलटकरीण ओरडली. ती बाई उठली, मागचं दार उघडून आत बघितलं.

"बैलगाडी सरकवा रे," ती पोरांना म्हणाली. मग मला, "उतरा सिस्टर. मागं चला."

उरलेला रस्ता माझ्या एका हातात पेशंटची नाडी होती आणि दुसऱ्या हातात ओकारीचा ट्रे. तो माझ्यासाठी.

सासूनं बराच वेळ बघून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला कितवा?"

दवाखान्यात पोटावर ऑपरेशन करून मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराची लांब बाकडी मी गाडीतून काढवली, स्ट्रेचरच्या डोक्याशी एक स्टूल ठोकून घेतलं, आणि लशीचा डबा छातीशी धरून एस.टी.नं लसीकरणाच्या गावाला गेले. उभ्यानं.