कालचं तापमान

बाबा गेले त्या दिवशी मी कपडे धुतले, भात लावला आणि लायब्ररीत जाऊन बसले. ते गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं.

टोरांटोतलं माझं ते दुसरं वर्ष. तळघरातली खोली, चौघींत एक स्वयंपाकघर, ग्लोव्ह्ज वाळत घालायला एकच हीटर. दर रविवारी सकाळी फोन-कार्ड खरवडून मी दिल्लीतल्या द्वारकेला घरी फोन करायचे. तिथे तेव्हा संध्याकाळ असायची. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबा सोसायटीतल्या नव्या फ्लॅटमध्ये बसून अख्खा पेपर वाचत. त्यात परदेशातल्या शहरांचं तापमान छापून येई. टोरांटोभोवती ते पेनने गोल काढत आणि फोनवर सुरुवात तिथूनच करत.

"काल तुमच्याकडे मायनस चार. टोपी घातलीस की फॅशन केलीस?"

"बाबा, कालचं काय सांगता? आज ऊन पडलंय."

"अगं, पेपर कालचंच सांगणार. आजचं सांगायला तो काय ज्योतिषी आहे?"

डिसेंबरच्या परीक्षेआधी एका रविवारी फोन आईने उचलला. बाबा सोसायटीच्या मीटिंगला गेलेत, म्हणाली. पुढच्या रविवारी पाण्याचा टँकर आला होता म्हणून ते खाली गेले होते. त्यानंतरच्या रविवारी सर्दी होऊन झोपले होते.

"पण सांगून ठेवलंय हं त्यांनी," दर वेळी ती म्हणायची. "आज मायनस सहा आहे. टोपी घाल."

"सोसायटीने सेक्रेटरी केलं की काय त्यांना?" मी एकदा हसून विचारलं.

"तसंच समज," आई म्हणाली.

टेबलावर नोट्स उघड्या होत्या. मी फोन ठेवला.

शेवटचा पेपर देऊन आले आणि घरी फोन लावला. तो काकांनी उचलला. काका पुण्याला राहत.

"काका, तुम्ही दिल्लीत कसे?"

"परीक्षा संपली?"

"हो."

"सगळी?"

"हो, काका."

"मग जरा खाली बस."

मी पोचले तोवर तेरावा होऊन गेला होता. टीपॉयवर पेपरांची चळत होती. एका तारखेपर्यंत पेनचे गोल होते, त्यानंतर पेन्सिलचे, थोडे वाकडे.

"तुझं वर्ष वाया जायला नको, असं वाटलं," आई म्हणाली. "तुला शंका नाही ना आली? फार भीती वाटायची मला."

"नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. बाबांनी 'आज मायनस सहा' असं कधीच म्हटलं नसतं. मी ते तीन रविवार ऐकलं आणि मला काही खटकलं नाही.

त्या परीक्षेत मला चांगले मार्क मिळाले. पुढे पदवी घेऊन परत आले, गुडगावला नोकरी केली. त्या तीन रविवारांबद्दल आई आणि मी पुन्हा कधी बोललो नाही. आता तीही नाही. द्वारकेच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. पेपर बंद केला आहे.