परमुलखातली तळी

मी त्या साली खंडोबावर रुसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही मंठ्याकडचे शेतकरी. एकुलती एक लेक डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात. तिथं तिला टायफॉईड झाला. ताप उतरला, रिपोर्ट बराबर आले, पण पोरीची अन्नावरची वासनाच उडाली. फोनवर आवाज असा यायचा, की विहिरीच्या तळातून बोलतेय. शेवटी मीच निघालो. बायको म्हणाली, "चंपाषष्ठी तिकडंच येतीय. तळी चुकवू नका बरं." मी चिडलो, "ज्या देवाला लेकरू दिसंना, त्याला तळी दिसंल व्हय?" तरी तिनं नारळ अन् भंडाऱ्याची पुडी माझ्या पिशवीत कोंबलीच.

चंपाषष्ठीला आमच्याकडं ताटात नारळ-भंडारा ठेवून पाच गडी ते ताट वर उचलतात, त्याला तळी म्हणायची. चातुर्मासापासून वांगं बंद असतं. तळी उचलली, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की मंगच ते तोंडात घालायचं. पहिला घास मात्र कुत्र्याचा, कारण कुत्रं खंडोबाचं.

तिथं पोचून पाहिलं तर लेकीची नुसती काडी झालेली. रोज दोन चमचे सूप, की ताट बाजूला. षष्ठीच्या दिवशी बळंच तिला डोंगरातलं एक नामांकित चर्च दाखवायला नेलं. तिथं फोटो काढणारांची ही झुंबड! पोरगी भिंतीला टेकून बसली, म्हणाली, "अण्णा, मला घरी न्या. शिक्षण नको, काहीच नको." मी तिला हाताला धरून उठवलं अन् गाडीकडं नेलं.

येताना आमची भाड्याची गाडी एका आडबाजूच्या खेड्यात बंद पडली. चला, हेच राहिलं होतं, म्हटलं मी. ड्रायव्हर मदत मागायला जवळच्या घरात शिरला, तर घरातली म्हातारी बाहेर आली अन् लेकीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. ओळख ना पाळख! म्हातारा उठला, आम्हाला चुलीपाशी जागा दिली. गाडी बघायला आलेला शेजारीही येऊन टेकला. म्हातारीनं पुढ्यात मक्याची जाड भाकर ठेवली, अन् सोबत भाजलेल्या वांग्याचं लसूण-अक्रोड घातलेलं भरीत.

मी बघतच राहिलो. मंग भानावर येऊन हात जोडले, नको म्हटलं. म्हातारीचं तोंड उतरलं. लेकीनं मोडक्यातोडक्या त्यांच्या बोलीत समजावलं, की आज आधी देवाचं, मंग आमचं. म्हातारा खूश! आमच्याकडंही पहिला प्याला देवाच्या नावानंच, म्हणाला. काय दिलदार माणसं हो! त्यानं ताट आणून दिलं. बायकोनं भरलेली पिशवी खांद्यालाच होती, तिच्यातला नारळ, भंडारा मी मांडला. सुपारी नव्हती, तर म्हातारीनं अक्रोड ठेवला. उचलायला म्हातारा, ड्रायव्हर, शेजारी अन् मी, चारच. पाचवा कुठून आणू? आमच्यात बायकांनी तळीला हात लावायची रीत न्हाई. मी दाराकडं बघत होतो, तेवढ्यात लेक उठली अन् तिनं ताट धरलं.

"उचला, अण्णा."

ताट वर गेलं, अन् मी तोंड उघडायच्या आधी तीच ओरडली, "येळकोट येळकोट जय मल्हार!" आवाज पार बाहेर रस्त्यावर गेला असंल. सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागला. म्हातारीनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला अन् उंबऱ्यात बसलेल्या पिवळ्या कुत्र्याला टाकला. हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

लेक जेवली. भरीत पुसून खाल्लं अन् मला हळूच विचारलं, "अण्णा, अजून अर्धी भाकर मागितली तर बरं दिसंल का?" मी ढसाढसा रडलो. म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तो योगायोग होता की काय होतं, मला ठाऊक न्हाई. मी त्यात शिरत न्हाई. एवढंच कळलं, की मी रुसलो तरी तो रुसला नव्हता. आपण पिशवी तेवढी सोबत न्यावी, पुढचं त्याच्यावर टाकावं. लेक तिथंच राहिली, शिकून राह्यलीय. अन् आमच्या घरच्या तळीला आता पाचवा हात बायकोचा असतो.