झाडाला टांगून घेणारा दिगू

दिगू गेल्याचं त्याच्या बायकोने, शैलाने, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅबमध्ये उभ्या उभ्या सँडविच खात होते. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीचं दार उघडताना मेंदूत रक्तस्राव झाला... ज्या थिएटरमध्ये तो वीस वर्षं लोकांना भूल देत आला, तिथून शंभर पावलांवर. पंधरा दिवसांनी शोकसभा झाली. आमच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला ‘निसर्गप्रेमी, पक्षी निरखणारा, हळवा माणूस’ म्हटलं. दिगूने जन्मात कधी पक्षी निरखले नाहीत. दिगू हरणं मारायचा. हे लिहितानासुद्धा मला शिसारी येते, पण त्या भाषणाने आली ती याहून मोठी होती.

आम्ही पुण्याला एका वर्गात होतो आणि वर्षाच्या अंतराने लीड्सला आलो. मी पॅथॉलॉजीत गेले, तो अॅनेस्थेटिक्समध्ये. कन्सल्टंटच्या जागेसाठी तो पाच वेळा इंटरव्ह्यूला बसला. पाचव्या वेळी ती जागा त्यानेच शिकवलेल्या एका मुलाला मिळाली आणि बोर्डावरचे एक गृहस्थ त्याला म्हणाले, “यू आर अ मार्व्हलस पेअर ऑफ हँड्स.” म्हणजे कामाला हात उत्तम, एवढंच. हे मला सांगताना तो हसला होता. त्या हसण्याचीच मला किळस आली होती. त्यानंतर महिन्याभरात तो शेजारच्या कीथबरोबर जंगलात जायला लागला. कीथ झाडांवर चढून फांद्या छाटायचा, ज्याला इथे ट्री सर्जन म्हणतात तो. शनिवार-रविवारी तो गावाबाहेरच्या एका खासगी रानातली हरणं कमी करायचं काम करी, कारण ती नवी रोपं वाढूच देत नसत. दिगूने रीतसर परवाना काढला, पोलीस घरी येऊन बंदुकीचं पोलादी कपाट तपासून गेले, आणि शैलाने सांगून टाकलं की यातलं काहीही गॅरेजमधून घरात येता कामा नये. ती शुद्ध शाकाहारी. मीही.

गोळी वरून झाडायची, म्हणजे चुकली तरी मातीत जाते, कुणाला लागत नाही. त्यासाठी कीथकडे शिडीसकट एक लोखंडी मचाण होतं. दिगूच्या पाठीची डिस्क सरकलेली, ते धूड त्याला उचलवेना. मग कीथने सुचवलं की पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये बसून झाडालाच टांगून घे, पिशवीत मावेल एवढंच ओझं. पंचाऐंशीच्या ऑक्टोबरात एका रविवारी दिगूने मला घड्याळ घेऊन गॅरेजमध्ये बोलावलं. तुळईला दोर बांधलेला, खाली तीन हार्नेस मांडलेले, शेजारी कीथ. मला वाटलं, हा माणूस वेडा झाला.

“तू डॉक्टर आहेस,” तो म्हणाला, “पाय काळे पडले की सांग.”

“तूही डॉक्टर आहेस.”

“मी वर असणार ना!”

पहिलं हार्नेस कडे चढणाऱ्यांचं होतं, रुमालाएवढं हलकं. दिगू त्याच्यावर फिदा होता. अकराव्या मिनिटाला त्याच्या पायाची बोटं जांभळी झाली, बाराव्याला चेहरा पांढरा पडला आणि तो उत्तर देईना. कीथने त्याला खांद्यावर तोलून खाली घेतलं. तो खालच्या सिमेंटवर ओकला आणि ते मी पुसलं. कीथ शांतपणे म्हणाला की हे पडणाऱ्याला झेलायला केलंय, दोन तास बसायला नाही. दुसरं कीथच्या धंद्यातलं, गादीदार, पण वजनाला मणभर, आणि हललं की कड्या खणखणत. हरीण मैलावर पळालं असतं. तिसऱ्याला बुडाखाली वीतभर रुंद पट्टा होता आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे वेगवेगळे सैल करता येत. त्यात तो पाऊण तास टांगून राहिला, खोडाला गुडघे टेकवावेत तसे भिंतीला टेकवून, आणि मला विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या नकला करून दाखवत राहिला. वापरलेलं स्वस्तात मिळत होतं, ते कीथने घेऊ दिलं नाही. दुसऱ्याचं हार्नेस किती वेळा पडणं सोसून आलंय ते दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. नव्याच्या कड्यांना दिगूने आवाज होऊ नये म्हणून कापडी टेप गुंडाळली. सर्जन गाठ मारतो तेवढ्या निगुतीने.

एकदाच मी त्याच्याबरोबर गेले. डिसेंबरातली पहाट. तो बिनगोळ्यांची बंदूक दोरीने वर ओढून घेऊन लार्चच्या झाडाला टांगून बसला, मी लांब गाडीत. एकच आवाज आला. मी पोचले तेव्हा त्याने मादीचं पोट उघडलं होतं आणि त्या थंडीत आतून वाफ निघत होती, अर्धवट पचलेल्या गवताचा आंबूस, गरम वास... मी तिथेच कुंपणाला धरून ओकले.

“रोज लिव्हरचे तुकडे करतेस तू,” तो म्हणाला.

“ती माणसं मी मारलेली नसतात.”

“बरोबर आहे,” एवढंच म्हणून त्याने हात ओल्या गवताला पुसले. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण ज्याची खरी घाण वाटावी ते पुढे होतं. रानाच्या मालकाचा एक पाहुणा उन्हाळ्यात ट्वीडचं जाकीट घालून आला, त्याने गोळीने एका नराचा जबडा फोडला आणि जखमी जनावर सोडून जेवायला निघून गेला. दिगूला कीथकडून कळलं. थिएटर संपवून तो सलग तीन संध्याकाळी झाडावर टांगून बसला. तिसऱ्या दिवशी ते जनावर ओढ्यावर आलं. तोंड पाण्यात घालत होतं, पाणी पिता येत नव्हतं, जबड्यात अळ्या वळवळत होत्या. दिगूने ते संपवलं आणि पुरलं. हे मला सांगताना तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता, त्याच्या शर्टाला तो वास होता, आणि मी, त्याची वर्गमैत्रीण, त्याला म्हणाले, “आंघोळ करून आला असतास तर...” तो चहा न घेता गेला.

आणि मग गणपती. मंडळाचे मोदक दरवर्षी दिगू करायचा, शैला नव्हे, दिगू. उकड त्याच्यासारखी कुणाची जमत नसे. एक्याण्णव साली अध्यक्षांना त्याच्या शिकारीची कुणकुण लागली आणि त्यांनी कमिटीपुढे विषय काढला, “हिंसा करणाऱ्याच्या हातचा नैवेद्य? लोक काय म्हणतील?” आदल्याच शनिवारी याच अध्यक्षांनी एका लग्नात लॅम्बच्या तीन प्लेटी रिचवल्या होत्या. नळीतला मगज ओढून काढताना मी त्यांना पाहिलं होतं. मी सेक्रेटरी. मी बोलले नाही. मी पत्र लिहिलं, ‘या वर्षी नव्या सभासदांना संधी द्यावी असं ठरलं आहे’, वगैरे गुळगुळीत. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“सुधा, पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत.”

मी काही म्हणायच्या आत त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो मंडळात आला नाही. माझ्याकडे यायचा, वाढदिवसाला, आजारपणात, पण आम्ही बोलायचो ते हवापाण्याबद्दल. सहा वर्षं.

म्हणून त्या शोकसभेत, ‘निसर्गप्रेमी’ ऐकल्यावर, मी उभी राहिले. म्हणाले की दिगू शिकारी होता, आपल्याला ते माहीत होतं, म्हणूनच आपण त्याच्या हातचे मोदक बंद केले, आणि ते पत्र मी लिहिलं होतं. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, “ताई भावनावश झाल्या आहेत,” आणि चहा-समोसे तयार असल्याचं जाहीर केलं. लोक उठले. कागदी प्लेटांचा आवाज, चटणीचा वास... मी कोट न घेताच बाहेर पडले.

गेल्या रविवारी शैलाने बोलावलं. गॅरेजमधला फ्रीझर कीथ नेणार होता आणि आतलं मटण त्यालाच द्यायचं होतं. पण प्रत्येक पुडक्यावर दिगूने मराठीत काही लिहिलेलं, ते कीथला वाचता येईना आणि शैला गॅरेजमध्ये पाऊल टाकेना. “तूच सांग त्याला काय लिहिलंय ते,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी झाकण उघडलं. आतून गार, बोथट वास आला, मी तोंडाला पदर लावला. पहिलं पुडकं कीथने हातात धरलं. वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : म्हातारी मादी, ओढ्याकाठी, कळलंसुद्धा नाही तिला. मी ते इंग्रजीत सांगितलं. कीथने मान हलवून पुडकं खोक्यात ठेवलं. पुढचं : लंगडी, एका गोळीत. पुढचं : तरणा नर, देखणा होता. अशी एकेक. प्लॅस्टिकखालचं लालसर काळं मांस बघवत नव्हतं. बोटं बधिर झाली, बर्फाला लागलेलं रक्त नखात गेलं. अगदी तळाशी एक छोटं पुडकं होतं.

“अँड दॅट वन?” कीथने विचारलं.

मी दोनदा वाचलं. “त्याने लिहिलंय, घाई केली. दुसरी गोळी घालावी लागली. चूक माझी.”

कीथ म्हणाला की त्या दिवशी आपण त्याच्याबरोबर होतो, आणि त्यानंतर पूर्ण हिवाळाभर दिगूने बंदुकीला हात लावला नव्हता. त्याने ते पुडकं मात्र खोक्यात ठेवलं नाही. माझ्यापुढे धरलं. मला ओकारी येत होती. मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आम्ही दोघं मागच्या बागेत खड्डा करायला गेलो.